उजवी पाकळी

फाल्गुन लागला की शिफ्ट सुटल्यावर, बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतून बाहेर पडताना एका वळणावर माझी गाडी आपोआप हळू होते. तिथं भिंतीपलीकडं आंब्याची तीन झाडं आहेत. दिवसभर नाकात बसलेला जळक्या वाळूचा आणि तापल्या लोखंडाचा वास तिथपर्यंत माझ्याबरोबर येतो, मग हातभर अंतरात तो संपतो आणि मोहराचा वास सुरू होतो. मधे कुणी सीमा आखून ठेवावी तसं. आमच्या भागात सीमा म्हटलं की बोलणं लगेच दुसरीकडं जातं, पण ही एक सीमा अशी आहे की तिच्यावरून आजवर कुणी मोर्चा काढलेला नाही.

मागं बसलेला सोबती म्हणतो, यंदा मोहर लई धरलाय. मी मान हलवतो. त्याला काय सांगणार की हा वास मला नको असतो. माणसं वर्षभर ज्या दिवसांची वाट बघतात, त्या दिवसांना मी सत्तावीस वर्षं भीत आलो. पिंपळाची तांबूस, ओली वाटणारी पानं, खानापूरच्या रस्त्यानं पेटलेले पळस, काट्यांतून लाल चोची काढणारा पांगारा, करंजाचं एका आठवड्यात नवं होणं, हे सगळं मी डोळे चोरून बघितलं. कोकीळ ओरडायला लागला की मी खिडकी लावून घ्यायचो. बायको म्हणायची, अहो, वारं तरी येऊ द्या की.

फाउंड्रीत माझं काम तपासणीचं आहे. ओतून गार झालेला लोखंडी भाग समोर येतो, मी त्याच्यावर छोट्या हातोडीनं ठोकतो. चांगला असेल तर खणखणतो. आत तडा असेल तर बद्द वाजतो. वरून कितीही गुळगुळीत दिसू दे, आवाज खोटं बोलत नाही. सत्तावीस वर्षं दुसऱ्यांचे तडे काढून बाजूला ठेवले. घरी कमी बोलायची सवय मला कामामुळं लागली असं सगळे समजतात. भट्टीच्या आवाजात दिवस जातो, मग माणूस गप्प होणारच, असं बायको पाहुण्यांना सांगते. खरं तसं नाही. बोललो तर आवाज बद्द येईल, ही भीती होती.

आता सांगायचं ते आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुन्हा राहून जाईल. माझ्या थोरल्या बहिणीचं दुसरं लग्न मी मोडलं. भांडून नाही, बोलून नाही. देवीच्या तोंडून मोडलं.

आमचं गाव उचगावच्या पलीकडं. मळ्याच्या वरच्या अंगाला देवीचं लहान देऊळ आहे, कौलारू, तीन पायऱ्यांचं. आत काळ्या दगडाची मूर्ती, नाकडोळे झिजून गेलेले. आमच्याकडं महत्त्वाचं काही करायचं तर देवीला कौल लावतात. दोन पाकळ्या पाण्यात बुडवून मूर्तीच्या दोन्ही खांद्यांना चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालायचं आणि वाट बघायची. उजवी आधी पडली तर देवीचा होकार. डावी पडली तर नकार. विहीर कुठं खणायची, सोयरीक करायची का नाही, सगळं असंच विचारलं जायचं. ज्यानं पाकळ्या लावायच्या त्यानं आंघोळ केलेली असावी, पोटात काही नसावं, आणि मनात बाजू घेतलेली नसावी. शेवटची अट कुणी तपासत नाही.

आक्का माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, त्यामुळं माझ्या डोक्याला तेल लावण्यापासून पाटीवर अक्षर काढून देण्यापर्यंत सगळं तिनंच केलं. लग्न होऊन कंग्राळीला गेली आणि चार वर्षांत परत आली, कपाळ मोकळं घेऊन. मूलबाळ नव्हतं. आल्या दिवशी तिनं पिशवी खुंटीला अडकवली, पदर खोचला आणि म्हशीखालचं शेण काढायला लागली. त्या दिवसापासून घर पुन्हा तिच्या हाताखाली गेलं आणि आम्ही, म्हणजे आमचे वडील आप्पा आणि मी, पुन्हा आयतं जेवायला लागलो.

ती तीस वर्षांची असताना निपाणीकडून एक स्थळ आलं. मधे आमचे चुलते होते. माणूस बिजवर, तंबाखूच्या वखारीत पानं निवडून प्रत लावायच्या कामावर. मला तो अजून दिसतो. पांढरा सदरा, पण सदऱ्याला तंबाखूचा वास असा मुरलेला की तो सोप्यात बसला आणि घरभर तो वास झाला. आक्का पोहे घेऊन आली आणि तिला शिंक आली. एक, मग दुसरी, मग तिसरी. तो माणूस ओशाळला. काही न बोलता त्यानं आपली खुर्ची उचलली आणि दारापाशी, वाऱ्याच्या बाजूला नेऊन ठेवली. आक्का आत गेली ती हसू दाबत.

तिनं होय म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. बायकांनी असं काही म्हणायची रीत तेव्हा नव्हती, आता तरी किती आहे कुणास ठाऊक. पण दोन दिवसांनी म्हशीची धार काढता काढता तिनं मला विचारलं होतं, निपाणीकडं ऊन लई असतंय न्हाय रं? मी म्हटलं, असतंय की. ती म्हणाली, असू दे. एवढंच. त्या ‘असू दे’मध्ये सगळं होतं, आणि ते मला कळलं होतं. कळलं नव्हतं अशी सबबसुद्धा माझ्याजवळ नाही.

आप्पा म्हणाले, देवीला विचारू.

तेव्हा मी चोवीस वर्षांचा. फाउंड्रीत नुकताच चिकटलो होतो, शिफ्टची नोकरी. शहरात, वडगावला एक खोली बघून ठेवली होती, मित्राबरोबर राहणार होतो. आप्पांचे गुडघे गेलेले. दोन म्हशी, दीड एकर शेत. आक्का गेली तर हे सगळं माझ्या गळ्यात येणार होतं. पुढं कितीतरी वर्षं मी स्वतःला सांगत आलो की मला लोकांची भीती वाटली, घराण्याचं नाव, विधवेचं लग्न, काय न् काय. ते खोटं. मला म्हशींची भीती वाटली. पहाटे उठून धार काढायची भीती वाटली. एका बाईचं आयुष्य मी पहाटेच्या झोपेसाठी बदललं, हे लिहायला मला एवढी वर्षं लागली.

चैत्र लागलेला. देवळाच्या मागं चाफ्याचं झाड आहे, त्याला त्या दिवसांत एक पान नसतं, नुसत्या बोटांसारख्या राखी फांद्या आणि त्यांच्या टोकांवर पांढरी फुलं. कौलाला याच फुलाच्या पाकळ्या लागतात. गुरवमामा म्हातारे झाले होते, हात थरथरायचा. ते मला म्हणाले, तू लाव बाबा, तुझं बोट सरळ हाय. मी फूल तोडलं. चाफा तोडला की देठातून दुधासारखा चीक येतो, कपड्याला लागला तर निघत नाही. तो थेंब मी बोटावर घेतला. ठरवून आलो होतो असं नाही. पण थेंब बोटावर आल्यावर मात्र ठरवलं.

उजवी पाकळी मी चिकानं लावली. डावी नुसत्या पाण्यानं.

फार वेळ लागला नाही. डावी सुटली, मूर्तीच्या अंगावरून घसरत खाली आली. गुरवमामा म्हणाले, डावी दिली. आप्पांनी उसासा टाकला आणि चुलत्यांकडं बघितलं. आक्का मागं खांबाशी उभी होती. ती पुढं आली, खाली वाकली, ती पडलेली पाकळी उचलून डोळ्यांना लावली आणि पदराच्या टोकाला गाठ मारून बांधून घेतली. प्रसाद म्हणून. घरी आल्यावर भाकऱ्या थापायला बसली.

उजवी दुसऱ्या दिवशीसुद्धा तशीच होती. मी गुपचूप जाऊन नखानं खरवडून काढली. दगडावर एक फिकट गोल राहिला, तो पुढं तेलानं बुजला.

त्यानंतर मी त्या देवळात गेलो नाही असं नाही. सणावाराला गेलो, लग्न झाल्यावर जोडीनं गेलो, लेकीचं जावळ काढायला गेलो. पण हात जोडले की आतून प्रश्न यायचा, कुणापुढं जोडतोयस? तिच्या तोंडून तूच बोललास ना? ज्याच्या जागी एकदा आपण बोलून घेतलं, त्याचं ऐकायचं कसं? माझी प्रार्थना तिथंच संपली. देव नाही असं मला कधी वाटलं नाही. तसं वाटलं असतं तर सोपं झालं असतं. देव आहे आणि मी त्याच्याशी बोलायची वाट बुजवून टाकली आहे, असं वाटायचं. आणि दर वर्षी, नेमका याच दिवसांत, चाफा फुलायचा. त्या उघड्या, पानं नसलेल्या फांद्यांवरची फुलं मला दिव्यासारखी दिसायची नाहीत, साक्षीदारासारखी दिसायची. कुणी काही बोलत नव्हतं, शिक्षा नव्हती, अपघात नाही, आजार नाही. सगळं सुरळीत. मला वाटायचं, देवीचं आपल्याकडं लक्षच नाही.

आक्कासुद्धा देवळात जायची. दर मंगळवारी झाडून यायची, पाणी शिंपडायची, दिवा लावायची. पण तिच्या हातात मी पुन्हा कधी फूल बघितलं नाही. घरच्या कुंपणाला जास्वंद, अबोली, सगळं होतं. शेजारणी तोडून न्यायच्या, देवीला वाहायच्या. ही नुसती केरसुणी घेऊन जायची. एकदा माझ्या बायकोनं विचारलं, आक्का, फुलं नेत न्हाय ते? आक्का म्हणाली, ती तिच्या जागी, मी माझ्या. बायकोला वाटलं, म्हातारपणाकडं झुकलेल्या माणसाचं वैराग्य. मी उठून अंगणात गेलो.

आप्पा गेले. मी बेळगावातच राहिलो. आक्का मळ्यातल्या घरात एकटी. बोलावलं तरी शहरात येत नाही. मसूर, वाटाणा, पावसाळ्यात भात, एवढ्यात तिचा वेळ जातो. दर रविवारी मी जातो, भाजी घेऊन येतो. आमचं बोलणं वांग्यापासून वांग्यापर्यंत.

मागच्या दोन वर्षांत तिला दिसेनासं झालं. मोतीबिंदू, दोन्ही डोळ्यांत. डॉक्टर म्हणाले, आता थांबू नका, पिकला आहे. सोपं ऑपरेशन, त्याच दिवशी घरी. आक्का ऐकेना. यंदा तिला फाल्गुन कळला तो नाकानं. ओसरीवर बसून म्हणाली, मोहर आला बघ खालच्या झाडाला, वरच्याला अजून चार दिवस हायत. आणि खरंच, वरच्या झाडाला चार-पाच दिवसांनीच आला. पानं तिला दिसत नव्हती, पण पिंपळाखालून जाताना थांबायची. जुनी पानं कडकड वाजतात, नवी आली की झाड गप्प होतं, असं तिनं मला सांगितलं. मी एवढी वर्षं डोळे असून जे बघितलं नाही, ते ही आंधळेपणाच्या काठावर बसून मोजत होती.

होळी झाली, आणि एका रविवारी तिनं स्वतःच विषय काढला. माझी बायको बरोबर होती. आक्का म्हणाली, ऑपरेशनचं बघू, पण देवीला विचारून. सत्तावीस वर्षांत तिनं देवीला काही विचारलं नव्हतं. ती म्हणाली, तवा न्हाय म्हणाली हुती, आता काय म्हणतीया ते तरी कळू दे. आणि मग माझ्याकडं तोंड करून, जिथं मी असेन असं तिला वाटलं तिकडं बघत, ती म्हणाली,

“पाकळ्या तूच लाव. गुरव नवा हाय. तुझा हात सरळ हाय.”

पाडवा झाल्यावरचा मंगळवार ठरला.

परतताना बायको गाडीवर मागून म्हणाली, अहो, उजवीच पडू दे म्हणावं देवीला, म्हणजे सुटलो. ती सहज म्हणाली. माझ्या डोक्यात मात्र ते जाऊन बसलं. उजवीच पाडता येईल की. डाव्या पाकळीला चीक लावायचा. आक्काचे डोळे वाचतील, कुणाचं नुकसान नाही, देवीला तरी काय वाईट वाटणार? आठ-दहा दिवस मी हा विचार घेऊन फिरलो. लोखंडावर हातोडी मारताना, जेवताना. तो जितका चांगला दिसत होता, तितका मला त्याचा ओळखीचा वास येत होता. पहिल्या वेळीसुद्धा मी स्वतःला असंच काहीतरी चांगलं सांगितलं असणार.

आणि खरोखरच डावी पडली तर? चीक न लावता, आपली आपण? तर आक्का डोळे मिटून घरी बसणार होती. देवीनं पुन्हा नाही म्हटलं, म्हणून.

पाडव्याला आम्ही सगळे गावाकडं होतो. गुढी उभारली. कडुनिंबाचा फुलोरा गुळात कालवून आक्कानं सगळ्यांच्या हातावर ठेवला. आमच्याकडं शेजारची कन्नड घरं आणि आम्ही, याबाबतीत सगळे एकच, पाडव्याचा पहिला घास कडू-गोड. लेकीनं तोंड वेडंवाकडं केलं, तर आक्का तिला म्हणाली, गिळ गिळ, नवरा कडू निघाला तर सवय असावी. सगळे हसले. सांगेन म्हणून मी तीनदा तिच्याजवळ गेलो, आणि तीनदा पाणी मागून परत आलो.

दुपारी सगळे लवंडले तेव्हा मी एकटाच देवळाकडं गेलो. माघात वीजमंडळाची माणसं येऊन तारांना लागतात म्हणून चाफ्याच्या दोन मोठ्या फांद्या तोडून गेली होती. त्या कुणी उचलल्या नव्हत्या. देवळामागच्या गडग्यावर, नुसत्या रचलेल्या दगडांवर, तशाच पडल्या होत्या. दोन महिने ऊन खाऊन साल सुरकुतलेली. जळणाला पण उपयोग नाही त्यांचा. मी सावलीला म्हणून तिथं टेकलो आणि बघतो तर त्यातल्या एका फांदीला फुलं आली होती. तीन. आणि खाली एक कळी, गुंडाळलेली. मुळं नाहीत, माती नाही, पाणी नाही. तोडल्या जागी चीक वाळून काळा पडलेला.

चाफ्याचं हे असंच असतं म्हणे. पोटात पाणी साठवलेलं असतं, त्यावर तो कुठंही फुलतो. मला हे नंतर सांगितलं लोकांनी, आणि ते खरंही असेल. पण त्या दुपारी मी ते लोखंडात काम करणाऱ्या माणसासारखं बघत बसलो. आमच्याकडं तुकडा पडला की तो भंगारात. पुन्हा भट्टीत, पुन्हा वितळायचं, तेव्हा कुठं त्याचं काही होणार. इथं तोडलेली फांदी तोडलेलीच होती. झाडाला जाऊन चिकटली नव्हती. तिचं जे झालं ते झालंच होतं. तरी चैत्र आला तसा तो तिच्याकडंही आला होता, गडग्यावर चढून. वगळायची होती तर हिला वगळायला काय हरकत होती?

मला देवाधर्मातलं मोठं काही कळत नाही. पण इतकी वर्षं ज्याला मी देवीचं दुर्लक्ष समजत होतो, ते दुर्लक्ष नसेल, असं मला पहिल्यांदा वाटलं. सत्तावीस वेळा मोहर आला. सत्तावीस वेळा हे झाड माझ्यासमोर उघडं उभं राहिलं. शिक्षा करायची असती तर एकदाच पुरे होती. एवढ्या वेळा कुणी परत येतं ते विचारायला येतं. आतातरी बोलतोस का? आणि उत्तर आलं नाही तर पानांनी झाकून घेतं, पुढच्या वर्षी पुन्हा. तिथं दगडावर बसून मला रडू वगैरे आलं नाही. उलट फार दिवसांनी श्वास खालपर्यंत गेला. बोलून काय होईल ते माहीत नव्हतं, पण बोलता येईल एवढं कळलं.

मंगळवारी सकाळी आक्काला घेऊन निघालो. गुरव दहाला येणार होता, आम्ही नवाच्या आत पोचलो. तिनं धुतलेलं लुगडं नेसलं होतं, हातात केरसुणी. बांधावरून चालताना माझ्या दंडाला धरून. देवळाच्या पायरीवर टेकली आणि मला म्हणाली, जा, फूल घेऊन ये.

मी तिच्या शेजारी बसलो.

“आक्का, पाकळ्या मी लावणार न्हाय.”

“का रं? खाल्लास व्हय काय?”

“न्हाय. तवा मी लावल्या हुत्या.”

“ठावं हाय की मला.”

“उजवीला मी चीक लावला हुता. चाफ्याचा. पडू ने म्हणून.”

तिला आधी कळलं नाही. कसला चीक, म्हणाली. मी पुन्हा सांगितलं. कसा तोडला, कसा थेंब घेतला, दुसऱ्या दिवशी नखानं कसं काढलं. माझा आवाज बद्दच येत होता, पण येत होता. कुठंतरी तांबट पक्षी एकसारखा ठोके घालत होता. आक्काच्या डोळ्यांत ते दुधी पांढरं पडलेलं, त्यातून काही वाचता येत नव्हतं.

“का?” ती म्हणाली.

मी सांगितलं. लोकांचं, घराण्याचं काही मधे आणलं नाही. म्हशी होत्या, आप्पांचं करायचं होतं, मला वडगावात खोली घ्यायची होती.

“म्हशी,” ती म्हणाली. मग हातातली केरसुणी पायरीवर ठेवत, “त्या तर फुडल्याच साली इकल्या की रं तुम्ही.”

मला वाटलं होतं ती रडेल, किंवा मारेल. लहानपणी मारायची. तिनं विचारलं, त्या माणसाचं पुढं काय झालं? मला ठाऊक होतं. दूरदूरनं मी खबर ठेवली होती. दुसऱ्या वर्षी त्यानं लग्न केलं होतं, दोन मुली झाल्या, दोघींची लग्नं झाली. अजून आहे, वखार सुटली. दोन पोरी, आक्का म्हणाली. बरं झालं. आणि हे तिनं मनापासून म्हटलं, एवढं मला तिच्या आवाजावरून कळलं.

मग ती एकदम म्हणाली,

“म्हंजे हिनं न्हाय म्हटलंच न्हवतं.”

ती माझ्याशी बोलत नव्हती. हळूहळू, एकेक करून तिनं ते काढलं. सासू म्हणायची, तुझ्या पायगुणानं माझा लेक गेला. ती ते ऐकून सोडून द्यायची, सासूचं तोंडच तसलं म्हणून. पण त्या दिवशी डावी पडली, आणि तिला वाटलं, देवीसुद्धा तेच म्हणतीया. तेव्हापासून ती रोज शोधत होती की आपलं चुकलं काय. पोळ्या करताना, मसूर काढताना. काही सापडलं नाही, म्हणून देवीवर रुसली. झाडून काढीन, पण फूल देणार नाही, मागणार तर कधीच नाही. सत्तावीस वर्षं.

एवढ्या वर्षांत मी माझ्या पापाचा हिशेब एका लग्नाएवढा धरला होता. ते माप चुकलं होतं. मी तिच्या होणाऱ्या नवऱ्याच्याही आधी तिची देवी हिरावून घेतली होती, हे मला त्या पायरीवर बसेपर्यंत ठाऊकच नव्हतं.

“आक्का,” मी म्हटलं, आणि पुढं काय म्हणणार होतो कोण जाणे.

“तुझं माझं मागनं बघू,” ती म्हणाली. “लई हाय ते. एका दिवसात व्हायचं न्हाय. आधी मला हिच्याशी बोलू दे. तू हिथंच बस.”

भिंतीला हात लावत लावत ती आत गेली. दार उघडंच होतं. मला तिची पाठ दिसत होती. ती मूर्तीपाशी बसली, वाकली, आणि दोन्ही हातांनी तो झिजलेला दगड चाचपला, तोंड, खांदे, जसं परगावाहून आलेल्या माणसाला चाचपतात. मग बोलायला लागली. एवढं बोलताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं. चुकलं गं बाई माझं, म्हणाली. मला काय ठावं. तूबी बोलली न्हाईस, मीबी बोलले न्हाय, दोघी बसलो तोंडं फिरवून. मधेच ती हसली. मधेच नाक ओढलं. बाहेर ऊन वर चढत होतं, आणि ज्याचं चुकलं होतं तो पायरीवर बसून, जिचं काहीच चुकलं नव्हतं तिला क्षमा मागताना ऐकत होता. याहून मोठी शिक्षा मला कुणी करू शकलं नसतं, आणि त्यात रागाचा एक शब्द नव्हता.

ती बाहेर आली ती ताठ. गुरवाला सांग कौल न्हाय लावायचा, म्हणाली. उगंच तिला कशाला तरास? डॉक्टरला फोन कर, येते म्हणावं, पुढल्या आठवड्यात. मग मी बसलो होतो त्याच पायरीवर, मला सरकवून, बसली.

“जा आता आत.”

मी आत गेलो. थंडावा होता, तेलाचा वास होता. सत्तावीस वर्षांनी मी त्या दगडासमोर एकटा उभा होतो. हात जोडले. ओठ हलले, आवाज निघाला नाही. मनात म्हटलं तरी तिला कळेल, असं मी स्वतःला सांगत होतो, तेवढ्यात बाहेरून, पाठ न वळवता, आक्का म्हणाली,

“मोठ्यानं बोल. मलाबी ऐकू आलं पायजे.”